गच्चीवरचा टॉवर आणि डोक्यावरचा दिवा

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत यंदा गच्चीवर मोबाइल टॉवर बसवू द्यायचा की नाही, यावर दोन तास भांडण झालं. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या सोसायट्यांना यात नवं काही नाही. भाड्याच्या आशेनं निम्मे तयार, आजाराच्या भीतीनं निम्मे विरोधात, आणि उरलेले चहा कधी येतो याची वाट पाहणारे. पण यंदा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी वेगळाच मुद्दा काढला. "टॉवर हवाच कशाला? आता दिव्यातून इंटरनेट येतं. लाय-फाय म्हणतात त्याला. रेडिएशन शून्य!" मुलानं पाठवलेला व्हिडिओ त्यांनी सगळ्यांना दाखवला. त्यावर आमचे खजिनदार उसळून म्हणाले, "काकू, दिवा मालवला की नेट गेलं. रात्री झोपायचं की नाही लोकांनी? खेळणं आहे ते." सभा हसली, काकू गप्प बसल्या, आणि ठराव न होताच चहा आला.

मला मात्र चैन पडेना. काकू चुकल्या होत्या, पण खजिनदार त्यांच्याहून जास्त चुकले होते, आणि हसणाऱ्यांना दोघांचंही काय चुकलं ते कळलं नव्हतं. सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आला आहे, त्यामुळे हाच वाद आता शहरभर कट्ट्याकट्ट्यावर चालतो. एका बाजूला 'टॉवर हटाव', दुसऱ्या बाजूला 'टॉवर वाढवा, पर्वणीला नेटवर्क बसतं'. मधेच कुणीतरी प्रकाशाचं नाव काढतो आणि चमत्कार तरी सांगतो, नाहीतर चेष्टा तरी करतो.

माझं म्हणणं आधीच सांगतो. रेडिओऐवजी प्रकाशानं माहिती पाठवणं हा कुठल्याही विषावरचा उतारा नाही आणि ते खेळणंही नाही. मोजक्याच जागी ते उपयोगी आहे, पण त्या जागी रेडिओपेक्षा सरस आहे. आणि त्यासाठी भांडायचंच असेल तर दिव्यावरून भांडून उपयोग नाही. दिव्याच्या खांबापर्यंत कुठली तार येते, कोण आणतं आणि कुणाकुणाला वापरू देतं, यावर भांडायला हवं.

आधी काकूंचं बघू, कारण भीतीचा मुद्दा मधे असला की बाकी काही ऐकू येत नाही. 'प्रकाशात रेडिएशन नाही' हे वाक्यच उलटं आहे. प्रकाश हेच रेडिएशन. रेडिओ लहर आणि उजेड एकाच घराण्यातले, दोन्ही विद्युतचुंबकीय लहरी, फरक कंपनांचा. मोबाइलची लहर सेकंदाला साधारण दोन अब्ज वेळा कंप पावते, तर देवघरातल्या समईचा नारिंगी उजेड पाचशे लाख कोटी वेळा. कंपनं जितकी जास्त तितकी एकेका कणाची ऊर्जा जास्त. म्हणजे समईच्या उजेडाचा एक कण मोबाइलच्या लहरीच्या एका कणापेक्षा सुमारे अडीच लाख पट दांडगा! रेडिएशनला घाबरून दिव्याकडे धावणं म्हणजे पावसाला घाबरून विहिरीत उडी मारणं. अर्थात ही विहीर कोरडी आहे. अणूतला इलेक्ट्रॉन उडवून शरीरातल्या रेणूंची मोडतोड करायला लागते तेवढी ऊर्जा या दोन्ही कणांत नसते. ती ताकद त्याच्या खूप वर, अतिनील किरणांच्या टोकाला आणि क्ष-किरणांत सुरू होते.

यावर विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा मला ठाऊक आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं २०११ मध्ये रेडिओ लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' अशा, २ब नावाच्या गटात घातलं. हे खरं आहे. पण त्या गटाचा अर्थ 'पुरावा अपुरा, शंका पूर्ण फिटलेली नाही' असा आहे. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात बसतो, आणि कोरफडीचं रोप आमच्या निम्म्या गॅलऱ्यांत आहे. भारतानं २०१२ पासून टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली आहे. ती पाळली जाते का, हे तपासायची मागणी जरूर करा, ती रास्त आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. टॉवर लांब गेला की तुमच्या खिशातला फोन त्याच्यापर्यंत पोचायला जास्त जोर लावतो, आणि फोन असतो कानाला चिकटलेला. टॉवर पळवून लावल्याचा आनंद कानाला परवडतो का? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं हे झालं आहे, फक्त इथला भित्या त्या राक्षसाला स्वतःच खिशात घेऊन हिंडतो.

आता खजिनदार. त्यांचे आक्षेप चेष्टेच्या सुरात आले म्हणून हलके ठरत नाहीत. उजेड भिंतीतून जात नाही. फोन खिशात गेला की संपर्क तुटला. दिवसा उन्हात दिव्याचा पाड किती? दिवा फोनला सांगेल, पण फोननं दिव्याला उत्तर कसं द्यायचं? आणि आज बाजारात मिळणाऱ्या सर्वसाधारण फोनमध्ये असा उजेड टिपून वाचणारा भागच नसतो. यातला एकही मुद्दा खोटा नाही. फक्त 'दिवा मालवला की नेट गेलं' हा तेवढा कालबाह्य आहे.

तो कसा, ते समजायला प्रयोगशाळेत जायला नको, टीव्हीचा रिमोट पुरेल. रिमोटच्या टोकाच्या छोट्या दिव्याकडे फोनचा कॅमेरा धरा आणि बटण दाबा. बऱ्याच फोनमध्ये पडद्यावर जांभळट चमक दिसते, जी नुसत्या डोळ्याला दिसत नाही. तो इन्फ्रारेड उजेड आहे, सेकंदाला साधारण अडतीस हजार वेळा लुकलुकणारा. ट्यूबलाइट असो वा खिडकीतून आलेलं ऊन, त्यांचा उजेड त्या ठेक्यात लुकलुकत नाही. म्हणून टीव्ही नेमका रिमोटचा ठेका वेगळा काढू शकतो. म्हणजे प्रकाशानं बिनतारी माहिती पाठवण्याचं हे 'खेळणं' खजिनदारांच्या सोफ्यावर कित्येक वर्षांपासून पडलेलं आहे. एडिनबरा विद्यापीठातले हॅराल्ड हास यांनी २०११ मध्ये जाहीर व्याख्यानात टेबलावरच्या एलईडी दिव्यातून व्हिडिओ चालवून दाखवला आणि मधे हात धरला की तो थांबतो हेही दाखवलं. 'लाय-फाय' हे नाव तेव्हाच रूढ झालं, आणि दिव्याखाली इंटरनेट हे चित्र लोकांच्या डोक्यात बसलं. पण २०२३ मध्ये वाय-फायच्याच मानकांच्या कुटुंबात प्रकाशासाठी जे मानक आलं, ८०२.११ बीबी, ते दिसणाऱ्या उजेडाचं नाहीच. ते ८०० ते १००० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेडचं आहे. खोलीतला दिवा बंद, माणसं झोपलेली, आणि छतावरचं यंत्र न दिसणाऱ्या उजेडात आपलं काम करतं आहे. फोनकडून उलट येणारं उत्तरही त्याच उजेडात. पांढऱ्या एलईडीची एक अडचणही यात आपोआप टळते. तिच्या निळ्या चिपवर पिवळ्या स्फुरकाचा लेप असतो. चिप झटपट लुकलुकते, लेप मात्र आळशी. चिप विझली तरी तो क्षणभर रेंगाळत राहतो आणि वेग मारतो.

तरीही खजिनदारांना इतिहासाचा एक दाखला मीच देतो, माझ्याच बाजूला न परवडणारा. वाय-फायचं पहिलं मानक १९९७ मध्ये आलं, तेव्हा त्यात रेडिओच्या दोन पद्धतींबरोबर तिसरी पद्धत इन्फ्रारेडची होती. कागदावर दोघांना सारखा मान. बाजारात रेडिओ गेला, इन्फ्रारेडला कुणी विचारलं नाही. त्यानंतरच्या काळातले मोबाइल आठवतात? कॉलेज रोडच्या टपरीवर इन्फ्रारेडनं रिंगटोन पाठवायला दोन फोन डोक्याला डोकं लावून ठेवायचे, श्वास रोखून बघायचं, रिंगटोन अर्ध्यावर आली की कुणाचा तरी धक्का लागायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. ब्लूटूथ आलं आणि हा खेळ संपला. उजेड एकदा नव्हे, दोनदा हरला आहे. मग तिसऱ्यांदा का जिंकेल?

याचं उत्तर शोधायला आणखी मागं जावं लागतं. ३ जून १८८० रोजी वॉशिंग्टनमध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स सम्नर टेंटर यांनी सूर्याच्या किरणावर माणसाचा आवाज बसवून तो २१३ मीटरवर पोचवला. बोलण्यानं आरसा थरथरायचा, किरण त्याबरोबर कमीजास्त व्हायचा, आणि पलीकडचं सेलेनियम त्या बदलांतून पुन्हा आवाज काढायचं. टेलिफोनचा जनक या फोटोफोनला स्वतःचा सर्वात मोठा शोध मानत असे. ढग आला की संभाषण बंद, हे त्या यंत्राचं दुर्दैव. सत्तरऐंशी वर्षं कुणी तिकडे फारसं वळलं नाही. मग १९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी दाखवून दिलं की काच पुरेशी शुद्ध केली तर उजेड तिच्यातून लांबवर नेता येईल, १९७० मध्ये तशी काच तयार झाली, आणि उजेडाला हवेतून जायची गरजच उरली नाही. आज खंडांमधली जवळजवळ सगळी माहिती समुद्रतळाच्या काचेच्या तंतूंतून, ज्यांना फायबर म्हणतात, म्हणजे उजेडावर स्वार होऊन जाते. सीबीएसच्या थांब्यावर उभा राहून पोरगा जो रील बघतो, तो हजारो किलोमीटर उजेडानंच आलेला असतो. शेवटचे काहीशे मीटर तेवढा रेडिओ. उजेड हरला असं आपण म्हणतो, तो हरला फक्त या शेवटच्या टप्प्यात. तोही का? कारण तेव्हा रेडिओचा रस्ता मोकळा होता. गल्लीत दोनच सायकली असताना उड्डाणपूल कुणी बांधतं का?

आता गल्लीचं काय झालं आहे ते बघा. आमच्या इमारतीत अठ्ठावीस फ्लॅट. बैठकीत बसून फोनवर वाय-फायची यादी उघडली की वीसबावीस नावं दिसतात, त्यातलं एक 'चहा प्या पासवर्ड मागू नका'. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २४० कोटी कंपनांच्या, पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे रस्ते तीनच. वीस राउटर तीन रस्त्यांवर. सगळे एकमेकांची वाट बघत थांबतात आणि आपण कंपनीला शिव्या घालतो. पाच गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आहे म्हणतात, आणि आहेही, पण द्वारका चौकात रस्ता रुंद केल्यावर किती दिवस मोकळा राहिला? रेडिओचा दोष असा की तो भिंतीतून शेजाऱ्याकडे जातो. हाच त्याचा गुण म्हणून आपण पंचवीस वर्षं कौतुक केलं. दाट वस्तीत तो गुण अवगुण होतो. ज्या भिंतीमुळे उजेड हरला, तीच भिंत इथे त्याच्या कामी येते. माझ्या खोलीतला उजेड माझ्या खोलीत, शेजारच्यांचा त्यांच्या खोलीत, आणि दोघांनी तोच रस्ता एकाच वेळी पूर्ण वापरला तरी टक्कर नाही.

मी स्वतः तीस वर्षं अंबडच्या एका कारखान्यात देखभाल विभागात काढली, त्यामुळे यातली एक बाजू मी हातानं अनुभवली आहे. आमच्या प्रेसवर लाइट कर्टन असायचा. ऑपरेटरचा हात डायच्या वाटेत गेला की इन्फ्रारेडचा पडदा तुटणार आणि प्रेस जागच्या जागी थांबणार. कित्येकांची बोटं त्या न दिसणाऱ्या उजेडानं वाचवली आहेत. नंतर व्यवस्थापनानं हौसेनं सगळ्या शॉपमध्ये वाय-फाय लावलं. लोखंडी रॅक, पत्र्याचं छप्पर, क्रेन, सगळीकडून लहर आपटून परत यायची. एका मशीनपाशी सिग्नल भरपूर, दोन पावलांवर शून्य. क्रेन हलली की नकाशा बदलला. अशा ठिकाणी प्रत्येक मशीनच्या डोक्यावर उजेडाचा आपापला शंकू असता तर किती सोपं गेलं असतं! पण दुसरी बाजूही मीच सांगतो. लाइट कर्टनच्या काचेवर ऑइलचं धुकं बसायचं आणि दर पाळीला ती पुसावी लागायची, नाहीतर कारण नसताना प्रेस थांबायचा. वेल्डिंगच्या शेजारी तर उजेडाचं कुठलंही यंत्र वैतागतं. म्हणून कारखान्यात 'रेडिओ काढा, उजेड लावा' असं सांगणारा विक्रेता आला तर त्याला आधी फडकं हातात द्यावं.

भिंत हाच गुण ठरेल अशी ठिकाणं नाशिकमध्ये थोडी नाहीत. नाशिकरोडला नोटा आणि मुद्रांक छापले जातात, ओझरला विमानं बांधली जातात, देवळालीला तोफखान्याचं शिक्षण चालतं. त्यांनी आज काय लावलं आहे हे मला माहीत असायचं कारण नाही आणि असूही नये. पण जिथे माहिती भिंतीबाहेर जाणं परवडत नाही, तिथे भिंतीतून आरपार जाणारं माध्यम वापरून वर कुलपांवर कुलपं घालत बसायचं, की भिंतीशी थांबणारं माध्यम वापरायचं, हा प्रश्न कुठल्याही सुरक्षा अधिकाऱ्याला पडला पाहिजे. मात्र 'लाय-फाय हॅक होत नाही' ही जाहिरातबाजीही खोटी. खिडकीला पडदा नसेल तर उजेड बाहेर जातोच, आणि छतावरच्या यंत्रापर्यंत येणारी तार कुणी फोडली तर उजेड बिचारा काय करणार?

आता सिंहस्थाकडे येतो, कारण या वादाला खरी धार तिथे आहे. गेल्या सिंहस्थात, २०१५ मध्ये, पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर हरवलेल्या माणसाला फोन लावून बघितलेल्या प्रत्येकाला नेटवर्क बसणं म्हणजे काय ते ठाऊक आहे. मग २०२७ ला घाटावरच्या दिव्यांतून भाविकांना इंटरनेट द्या, अशी सूचना मी दोनचार ठिकाणी ऐकली. ही सूचना ज्याला सुचली त्यानं स्वतःचा फोन एकदा उलटून बघावा. तो उजेड वाचणारा भाग भाविकांच्या फोनमध्ये नाही आणि तोवर लाखोंच्या खिशात तो येणारही नाही. तिथे माणसाच्या हातापर्यंतचा शेवटचा टप्पा रेडिओचाच राहणार.

पण त्याच्या आधीचा टप्पा? नेटवर्क बसतं तेव्हा दोष दर वेळी हवेतल्या रेडिओचाच नसतो. तात्पुरत्या टॉवरला मागून माहिती पुरवणारी तार म्हणजे टाकीचा नळ, तो बारीक असला तर टाकी रिकामीच राहते. साधुग्रामात गाडीवरचे टॉवर उभे करता येतील, पण तिथपर्यंत फायबर कुठून आणणार? आणलं तरी सिंहस्थाच्या कामात रोज कुठे ना कुठे जेसीबीचा दात केबलवर पडणार, हे नाशिककरांना सांगायला नको. इथे लेझरचा अरुंद झोत कामाला येतो. एका उंच इमारतीच्या गच्चीवरून दुसऱ्या ठिकाणच्या खांबावर, मधे अडथळा नाही, खोदकाम नाही, एका दिवसात उभं. २०२१ मध्ये काँगो नदीच्या एका काठावरच्या ब्राझाव्हिलपासून समोरच्या किन्शासापर्यंत ४.८ किलोमीटरचा असा दुवा टाकला गेला. नदी खोल आणि वेगवान, त्यामुळे जमिनीवरून फायबरला चारशे किलोमीटरहून जास्त वळसा पडत होता. झोतानं वीस दिवसांत सुमारे सातशे टेराबाइट माहिती पलीकडे नेली. आपली गोदावरी काँगो नाही, पण पर्वणीच्या दिवशी तिच्या काठावर खोदायला जागा नसते हे दोन्हीकडे सारखं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो आपल्या मातीतलाच आहे. सिंहस्थाची मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे ऐन पावसाळ्यात. उजेडाचा झोत पावसात टिकेल? शाळेतलं पदार्थविज्ञान इथे कामाला येतं. लहरीची लांबी आणि वाटेतल्या थेंबाचा आकार जवळपास सारखे असले की लहर सर्वात जास्त विखुरते. पावसाचा थेंब एकदोन मिलिमीटरचा, म्हणून तो मिलिमीटरच्या लांबीच्या रेडिओ दुव्यांना छळतो. लेझरची लांबी मिलिमीटरच्या हजारातल्या एकदोन भागांएवढी. तिला पाऊस त्यामानानं कमी नडतो, पण धुकं तिचा काळ. कारण धुक्याचे कण तितकेच बारीक. म्हणजे नाशिक शहरात श्रावणाची रिपरिप झोताला बऱ्यापैकी झेपेल. अठ्ठावीस-तीस किलोमीटरवरच्या त्र्यंबकेश्वरात मात्र ढग ब्रह्मगिरीच्या कड्यावरून थेट कुशावर्तावर उतरतो, दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. तिथे झोत लावणारा माणूस फेरीला कधी गेलेलाच नाही असं समजावं. एकाच मेळ्याच्या दोन गावांना दोन वेगळी उत्तरं. असा फरक न करता 'लाय-फाय आणा' किंवा 'लाय-फाय नको' म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात काय अर्थ? पेठ-सुरगाण्याच्या डोंगरवस्त्यांचंही तेच. आठ महिने टेकडीवरून टेकडीवर झोत उत्तम जाईल, पावसाळ्यात शेजारी सावकाश चालणारा रेडिओ दुवा जोडीला ठेवावाच लागेल. झोत तुटला की रेडिओनं घ्यायचं, धुकं फिटलं की पुन्हा झोतानं.

एवढं सगळं मान्य करूनही मी उजेडाची बाजू का लावून धरतो? त्याचं कारण तंत्राचं कमी आणि मालकीचं जास्त आहे. आपल्याकडे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सांगितलं. २०१२ मध्ये टू-जीचे १२२ परवाने रद्द झाले ते याच सार्वजनिक मालमत्तेच्या वाटपावरून. २०२२ च्या लिलावात तिची बोली दीड लाख कोटी रुपयांवर गेली. एवढे पैसे मोजणारी कंपनी ते वसूल करणारच, आणि जिथे गिऱ्हाईक दाट तिथेच आधी टॉवर लावणार. उजेडाला हा लिलाव नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत रेडिओ लहरींची हद्द ३००० गिगाहर्ट्झला संपते, आणि उजेडाची कंपनं त्याच्या कितीतरी वर. आपल्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यात दूरसंचाराच्या व्याख्येत ऑप्टिकल म्हणजे प्रकाशाचं माध्यम येतं, पण स्पेक्ट्रमच्या व्याख्येत फक्त रेडिओ लहरीच आहेत. म्हणजे सेवा विकायची तर सरकारची परवानगी लागेल, पण उजेडाचा पट्टा कुणी विकत घेऊन कुंपण घालू शकत नाही. गावाच्या गायरानासारखा तो सगळ्यांचा आहे. वाय-फायच्या पट्ट्यांनी काय किमया केली ती आपण बघितलीच आहे. २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला नसता तर घरोघरी राउटर दिसले असते का?

पण गायरान मोकळं असून भागत नाही, तिथे जायची पाऊलवाट कुणाच्या शेतातून जाते ते बघावं लागतं. उजेड फुकट आहे, पण तो ज्या खांबावरून पाडायचा तो खांब फुकट नाही. सोडियमचे पिवळे दिवे जाऊन आता रस्तोरस्ती एलईडी लागले. खांबावर वीज आहे, उंची आहे, दर पंचवीस-तीस मीटरवर एक खांब आहे. नाही ते फक्त फायबर. उद्या एखाद्या कंपनीनं येऊन 'आम्ही खांबापर्यंत फायबर आणतो, बदल्यात पंचवीस वर्षं खांब आमचे' असा करार केला, तर ज्या लिलावातून उजेड सुटला होता तो मागच्या दारानं आत येईल. तेव्हा लाय-फाय आहे की टॉवर, याला काही अर्थ उरणार नाही. खांबाच्या मालकाला विचारल्याशिवाय दोन्ही चालणार नाहीत.

'महापालिकेकडे खड्डे बुजवायला पैसे नाहीत आणि तुम्ही फायबरचं काय सांगता' हा आक्षेप मला रोज ऐकू येतो. त्याचा राग समजतो, हिशेब पटत नाही. फायबर टाकण्यातला मोठा खर्च काचेचा नसतो, रस्ता फोडून पुन्हा जोडण्याचा असतो. सिंहस्थासाठी जे रस्ते फुटणार आहेत ते फुटणारच आहेत. त्याच चरात दोन जास्तीचे पोकळ पाइप टाकून ठेवायला लागतो तो पाइपचा खर्च. त्यात आज काही घालू नका. पाइप महापालिकेच्या नावावर राहू द्या, आणि जो मागेल त्याला एकाच दरानं भाड्यानं द्या. पुढे त्यातून टॉवरचं फायबर जावो, खांबावरचा उजेड जावो, नाहीतर आज कुणाला सुचलंही नाही असं काही. रस्ता एकदाच फुटेल. दरवर्षी तोच रस्ता चार खात्यांकडून चारदा फुटताना बघूनही आपण सभेत भांडतो ते टॉवरच्या किरणांवरून!

आमच्या सोसायटीचा विषय अजून लोंबकळतोच आहे. पुढच्या सभेसाठी मी एक लेखी सूचना दिली आहे. टॉवरला हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण जिन्याच्या बाजूनं गच्चीपासून तळमजल्यापर्यंत एक मोकळी पाइपलाइन टाकू, प्रत्येक मजल्यावर तिला एक तोंड ठेवू, आणि ती सोसायटीच्या मालकीची राहील. खजिनदारांनी खर्च विचारला, तो मी प्लंबरकडून लिहून आणून दिला. काकूंनी विचारलं, "यात रेडिएशन किती?" मी म्हटलं, "काकू, रिकाम्या पाइपात हवा आहे." त्यांनी सही केली. खजिनदार अजून वाचताहेत.